पाणी कुठवर येईल?

‘गोसीखुर्दचे ३३ दरवाजे उघडले, नदीकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा.’ पावसाळ्यात ही बातमी आपण सगळेच वाचतो आणि पान उलटतो. ऑगस्ट २०२० पर्यंत मीही उलटत होते.

तेव्हा लॉकडाऊनमुळे शाळा मोबाइलवर भरत होती आणि मी ब्रह्मपुरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठी मामाच्या गावी होते. महिनाअखेरीस एका संध्याकाळी मामाच्या मोबाइलवर मेसेज आला. धरणातून अमुक इतके क्युमेक्स विसर्ग, नागरिकांनी सतर्क राहावे. कॉन्व्हेंटमधली भाची घरात असल्यावर वाचून दाखवायचं काम कोणाचं? मी ऐटीत सांगितलं, “मामा, क्युमेक्स म्हणजे क्युबिक मीटर पर सेकंद.”

मामा म्हणाला, “थे समजलं व पोरी. पन पानी कोठवर येईल?”

मला उत्तर देता आलं नाही. उत्तर दिलं आजीनं. मागच्या मोठ्या पुरात पाणी मारोतीच्या पाराला लागलं, तेव्हा आपल्या दोन पायऱ्या बुडाल्या होत्या, एवढंच तिला आठवत होतं. “पाराले पानी लागाच्या आंधी निघा,” ती म्हणाली. मग रात्रभर आळीपाळीनं टॉर्च मारून आम्ही पार बघत बसलो. पाणी पाराजवळ आलं तसे बैल सोडले आणि सगळे उंचावरच्या शाळेत गेलो. माणसं, जनावरं वाचली. धानाची पोती मात्र घरातच राहिली आणि भिजली. संध्याकाळच्या मेसेजनंतर पोती हलवायला चांगले पाच-सहा तास हातात होते. पण तो मेसेज म्हणजे ‘पोती हलवा’ असा निरोप आहे हे कोणालाच कळलं नव्हतं.

मित्रांनो, मला एवढंच म्हणायचंय की आपल्याकडे पुराचा अंदाज आहे, पण तो घराच्या पायरीपर्यंत पोचत नाही.

अंदाज नाहीच असं म्हणणं अन्यायाचं होईल. भारतात पूर पूर्वानुमानाचं काम १९५८ मध्ये दिल्लीला यमुनेवर सुरू झालं. आज केंद्रीय जल आयोग देशभरातल्या नद्यांच्या पातळीचे अंदाज देतो. आपल्याकडे वर्धेवर बल्लारशाला, वैनगंगेवर आष्टीला पाणी मोजलं जातं. ऑगस्ट २०२३ पासून आयोगाचं ‘फ्लडवॉच’ नावाचं मोबाइल ॲपही आहे. मोजणारी माणसं भर पावसात, रात्रीसुद्धा तासातासाला पट्टी वाचतात. त्यांच्याबद्दल आदरच आहे. मग अडतं कुठे?

पहिली अडचण रंगांची. हवामान खात्याचा ‘ऑरेंज अलर्ट’ म्हणजे जोरदार पावसाची शक्यता आहे, तयारीत राहा. जल आयोगाचा ‘ऑरेंज’ म्हणजे नदीने धोक्याची पातळी आधीच ओलांडली! रंग एकच, अर्थ दोन. आपण इंजिनिअरिंगची मुलंसुद्धा यात गोंधळतो, तर धानाच्या बांधीत उभ्या असलेल्या माणसाला काय सांगायचं?

दुसरी अडचण जिल्ह्याची. ‘गडचिरोली जिल्ह्याला इशारा’ म्हणजे नक्की कोणाला? या जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या जवळजवळ चौपट. कोरचीला ढगफुटी आणि सिरोंच्याला ऊन, असं होऊ शकतं. दोन-तीन वेळा इशारा आला आणि आपल्या गावात काही झालं नाही, की चौथ्या वेळी माणूस लक्ष देत नाही. त्यात त्याची चूक तरी काय?

तिसरी अडचण एककाची. एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. घाईत एकाच्या जागी दुसरं वाचलं तर चूक थेट ३५ पटींची! आणि बरोबर वाचलं तरी मामाचा प्रश्न उरतोच.

शिवाय आपल्या नद्यांचा स्वभावही लक्षात घ्यायला हवा. त्यांचं पाणी दुरून येतं. वैनगंगा उगम पावते मध्य प्रदेशात सिवनी जिल्ह्यात, वर्धा बैतूल जिल्ह्यात मुलताईजवळ, आणि इंद्रावती थेट ओडिशात. ती बस्तरमधून आपल्याकडे येते. म्हणजे गावात कोरडं आकाश असतानाही पूर येऊ शकतो. भामरागडजवळ पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती एकत्र येतात. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगतं, आणि जुन्या ठेंगण्या पुलावर चढतं. पुलावर पाणी आलं की भामरागड जगापासून तुटलं, हे वर्षानुवर्षं चालत आलं. चंद्रपूर शहरातही तेच गणित आहे. वर्धा भरून वाहत असेल तर इरईचं पाणी तिच्यात शिरू शकत नाही. त्याच वेळी वरून इरई धरणाचे दरवाजे उघडावे लागले तर रहमतनगरसारख्या सखल वस्त्यांत पाणी शिरतं. म्हणून ‘आमच्याकडे तर पाऊसच नाही’ हे वाक्य आपल्या दोन जिल्ह्यांत सगळ्यांत धोकादायक आहे.

आता जरा दुसरीकडे बघू. कोल्हापुरात कोणालाही विचारा, राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे त्याला पाठ असतं. सांगलीत आयर्विन पुलाचे ४० आणि ४५ फूट तसेच. पावसाळ्यात तिथली माणसं एकमेकांना ‘किती फूट?’ एवढंच विचारतात आणि त्यावरून सामान वर चढवायचं की नाही ते ठरवतात. फार लांब कशाला, सिरोंच्याच्या खाली गोदावरीवर भद्राचलमला ४३ फुटांना पहिला इशारा, ४८ ला दुसरा, ५३ ला तिसरा. १९८६ साली तिथे पाणी ७५.६ फुटांवर गेलं होतं आणि जुलै २०२२ मध्ये ७१.३ फुटांवर. त्याच जुलैत सिरोंचा तालुक्यातली गावंही पाण्यात होती. मेडीगड्डा बॅरेजमुळे पूर किती वाढला हा वाद मोठा आहे, तो इथे नको. माझा प्रश्न साधा आहे. आपल्या गावाचा असा पाठ असलेला आकडा कोणता? वडसाचा कोणता? आष्टीचा? भामरागडचा?

कागदावर उत्तरं आहेत. पाटबंधारे खातं नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतं. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण ‘२५ वर्षांतून एकदा’ ऐकून लोकांना वाटतं, एकदा येऊन गेला, आता २५ वर्षं सुट्टी! प्रत्यक्षात तो दरवर्षी ४ टक्के शक्यतेचा पूर असतो. ३० वर्षांचं गृहकर्ज काढून निळ्या रेषेच्या आत घर बांधलं तर कर्ज फिटेपर्यंत असा पूर किमान एकदा पाहण्याची शक्यता ७० टक्के आहे. प्रोबॅबिलिटीच्या पेपरात हे गणित आपण सोडवतो, पण प्लॉट बघायला जाताना विसरतो.

मग आपण काय करू शकतो? सरकारने हे करावं, ते करावं अशी यादी मी देणार नाही. आपल्याला जे येतं तेच सांगते. दरवर्षी सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला आपण लेव्हल मशीन घेऊन कॉलेजच्या मैदानाभोवती फिरतो. तीच झाडं, तोच बेंचमार्क, आणि बऱ्याचदा सिनिअरच्या जर्नलमधून उतरवलेली रीडिंग्ज! तेच मशीन घेऊन एनएसएसचा कॅम्प नदीकाठच्या गावात नेला तर? जुन्या माणसांना विचारायचं, मोठ्या पुरात पाणी कुठे लागलं होतं. त्या खुणांची लेव्हल काढायची आणि शाळेच्या, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटने वर्षासकट पट्टा मारायचा. नदीकाठी एक साधी पट्टी उभी करायची.

कोणी म्हणेल, जल आयोगाची मोजणी पंचवीस किलोमीटरवर, तिथली पातळी गावाला कशी लागू होईल? शंका बरोबर आहे. नदीच्या पाण्याला उतार असतो, त्यामुळे नुसती लेव्हल जोडून भागणार नाही. दोन-तीन पावसाळे गावातल्या पट्टीचं आणि ठाण्याचं रीडिंग एकाच वेळी नोंदवावं लागेल. मग ‘तिथे इतकं झालं की काही तासांनी इथे पार बुडतो’ असा ठोकताळा मिळेल. तो शंभर टक्के अचूक नसेल. पण आजीच्या आठवणीवर जीव सोपवण्यापेक्षा बरा, आणि आजी नसेल त्या घरांनाही उपयोगी.

निरोप कसा द्यायचा हेही महत्त्वाचं. भामरागडला माडिया बोलतात, सिरोंच्याला तेलुगू, मुलचेऱ्याकडे बंगाली. आतल्या गावांत टॉवर कधी असतो, कधी नसतो. तिथे कोतवालाची दवंडीच खरी. दवंडीत क्युमेक्स नको. ‘आज रात्री पाणी शाळेच्या पट्ट्यापर्यंत येईल, जनावरं सोडा’ एवढं पुरे, आणि तेही त्यांच्या भाषेत.

एक गोष्ट मात्र आजपासून करता येईल. पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालायची नाही. वाहतं पाणी १५ सेंटीमीटर असलं तरी मोठ्या माणसाचा पाय निसटू शकतो. फूटभर पाण्यात लहान कार तरंगू लागते, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. जुलै २०२२ मध्ये पेरमिलीजवळ ट्रक वाहून गेला, माणसं गेली. ट्रक! आणि आपण बाइकवर ‘निघेल रे, चल’ म्हणतो. गढूळ पाण्याखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे कोणालाच दिसत नसतं.

मामाच्या घरी परवा गेले होते. मारोतीच्या पारावर २०२० च्या पाण्याची चिखलाची रेघ होती, ती केव्हाच धुऊन गेली. येत्या उन्हाळ्यात तिथे ऑइलपेंटची रेघ मारायला मी जाणार आहे. आजीला अजून जागा नीट आठवते. लेव्हल मशीन धरायला आणि स्टाफ पकडायला दोघं-तिघं हवेत. कोण येतंय?