राक्षसांच्या लेकी आणि आपली समीक्षा

थिओडोरा गॉस यांच्या ‘द स्ट्रेंज केस ऑफ द अल्केमिस्ट्स डॉटर’ (२०१७) यासारख्या कादंबरीचा विषय निघाला की आपल्या विद्यापीठीय वर्तुळात दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक, ‘हे रंजनपर वाङ्मय आहे’. दुसरी, ‘हे स्त्रीवादी पुनर्लेखन आहे’. पहिलीत तुच्छता आहे, दुसरीत कौतुक. पण संहिता वाचण्याचे कष्ट दोन्हींत टळतात. ही टाळाटाळ आपल्याला महाग पडते आहे, असे माझे म्हणणे आहे.

एकोणिसाव्या शतकातील भयकथांत विज्ञानवेडा पुरुष स्त्री-प्राणी घडवू पाहतो आणि त्या स्त्रीचा शेवट होतो. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये (१८१८) नायक अर्धवट घडवलेली स्त्री स्वतःच्या हातांनी छिन्नविच्छिन्न करतो. हॉथॉर्नची विषकन्या बिआट्रिस (१८४४) उतारा पिऊन मरते. वेल्सच्या डॉ. मोरोने (१८९६) प्यूमाच्या मादीवर केलेला प्रयोग तिच्या आणि त्याच्याही मृत्यूत संपतो. स्टीव्हन्सनच्या जेकिलला (१८८६) तर कुटुंबच नाही. गॉस या स्त्रियांना जिवंत ठेवतात, जेकिल आणि हाइड यांनाही एकेक मुलगी देतात आणि या पाचजणींना लंडनमध्ये एका घरात आणतात.

परंतु केवळ जिवंत ठेवणे ही मोठी वाङ्मयीन कामगिरी नव्हे. खरी कामगिरी निवेदनात आहे. प्यूमापासून घडवलेली कॅथरिन ही कादंबरी लिहिते आहे आणि इतरजणी तिच्या हस्तलिखितात मध्येच बोलतात, हरकती घेतात, दुरुस्त्या सुचवतात. कॅथरिन त्या हरकती खोडत नाही. मजकुरातच राहू देते. त्यामुळे पुरुषाच्या एकमुखी निवेदनाच्या जागी स्त्रीचे एकमुखी निवेदन येत नाही. निवेदनाची मालकीच वादग्रस्त होते. ‘स्त्रीवादी’ असा शिक्का मारून पुढे जाणाऱ्या समीक्षकाच्या हातून नेमके हेच निसटते.

कादंबरीची मर्यादाही सांगितली पाहिजे. होम्सच्या मदतीने उलगडणाऱ्या रहस्यकथेच्या चौकटीत या मुली लवकरच हव्याहव्याशा वाटू लागतात आणि भय निवळते. राक्षसीला निरपराध ठरवले की तिचा संतापही हिरावला जातो. म्हणूनच ‘मराठीत असे का लिहिले जात नाही?’ हा उत्साही प्रश्न मला चुकीचा वाटतो. नमुना उचलला तर आपल्या वाट्याला हे निवळलेपणच येईल.

आपल्याकडची सामग्री मुळात वेगळी आहे. जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही खेड्यातला विद्यार्थी हडळ म्हणजे काय हे शिकवल्यावाचून सांगतो. प्रदेशागणिक फरक असला तरी लोकसमजूत साधारण अशी: बाळंतपणात मेली ती अळवंतीण, सवाष्ण मेली ती जखीण, विधवा मेली ती लावसट. मुंजाचे भूतपणही अपुऱ्या राहिलेल्या संस्कारातून येते, हे खरे. पण स्त्रीच्या भूतयोनीची वर्गवारीच नवरा आणि बाळंतपण यांवरून व्हावी, ही गोष्ट केवळ लोकसाहित्याच्या नोंदवहीत ठेवून चालणार नाही. ती एक मूल्यव्यवस्था आहे. तिकडे एकटा बाप प्रयोगशाळेत राक्षसी घडवतो. इकडे सारा गाव मिळून आईला भूत ठरवतो. आणि अळवंतीण ज्या बाळंतपणात मेली, त्यातले मूल कधीकधी जगतेही. त्या लेकीची कथा कोणी लिहिली आहे?

असा प्रश्न विचारण्याची परंपरा मात्र आपल्याकडे आहे, तीही शेजारच्याच बुलढाण्याची. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली; ती पुढे सौम्य करण्यात आली. पण या निमित्ताने वृत्तपत्रांनी समस्त स्त्रीजातीला राक्षसीण ठरवण्याचा सपाटा लावला. ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून या निवेदनातच हस्तक्षेप केला. विजयालक्ष्मीला देवी ठरवण्याच्या भरीला त्या पडल्या नाहीत. दोष लावणाऱ्याचेच माप त्यांनी काढले आणि तत्कालीन नाटक-कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रणही त्या तडाख्यातून सुटले नाही. जोतीराव फुले यांनी पाठराखण केलेले हे पुस्तक पुढे विस्मरणात गेले आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. मधली नव्वद वर्षे समीक्षा काय करीत होती?

तेच, जे ती आजही करते आहे. नारायण धारप (१९२५–२००८) यांना वाचकांनी डोक्यावर घेतले, पण अभ्यासक्रमाने उंबऱ्याबाहेरच ठेवले. भयकथा ही साहित्याबाहेरची मानल्यामुळे भय कोणाचे, कोणाविषयी आणि कोणी सांगितलेले, हे प्रश्नही साहित्याबाहेर गेले. परकीय कादंबरीवर शोधनिबंध लिहिणे सोपे आहे. आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्या मुलीच्या आईला गावाने काय नाव दिले, हे ऐकणे अवघड आहे. ती मुलगी एक दिवस आपल्या हस्तलिखितात मध्येच बोलेल. त्या वेळी तिचे वाक्य खोडायचे नाही, एवढे तरी या कादंबरीपासून आपण शिकावे.