अक्षर-अंगण : झ झिंजचा

दर दिवाळीला एक अक्षर, हा या सदराचा नेम. यंदा ‘झ’ची पाळी. आपल्यापैकी बरीच घरं झिंजमध्ये, नाहीतर जवळच्या माहूज, सलमानिया, अदलिया भागांत आहेत. स्वतःचं नाव आणि वय पाठ झालं की मुलं घराचा पत्ता सांगायला शिकतात. आणि झिंजमधल्या पोराच्या पत्त्यात ‘झ’ बसलेलाच असतो. तरी भिंतीवरच्या तक्त्यात ‘झ’ आला की आपण सगळे एका सुरात म्हणतो, ‘झ झबल्याचा’.

आता चार वर्षांच्या पोराने झबलं घातलेलं असतं, पण त्याचं नाव ऐकलेलं नसतं. पुण्याहून आजीने पाठवलेली झबली इथे आल्यावर ‘बेबी सूट’ होतात. मग तक्त्यावरच्या चित्राकडे बोट दाखवून ‘हे काय?’ विचारलं की मूल उत्साहाने सांगतं, ‘ड्रेस!’ बिचाऱ्याचं चुकत नाही. आपण विचारतो ‘झ’ आणि चित्र बोलतं ‘ड’. अक्षर नवं, शब्दही नवा. दोन अनोळखी पाहुणे एकदम घरात शिरले तर मूल कुणाशी बोलणार?

इथे मला आपल्या शेजारची एक म्हण आठवते. अधारी पार्क सगळ्यांना ठाऊक आहे, मुलांचे वाढदिवस तिथे झालेले आहेत. ते पार्क ज्या अधारीच्या झऱ्यामुळे आहे, तो एके काळी बहारीनमधला नावाजलेला गोड्या पाण्याचा झरा होता. त्याचं पाणी पाटांनी लांबच्या खजुरीच्या बागांना जाई आणि जवळची जमीन कोरडी राही. त्यावरून इथले लोक म्हणतात, अधारीचा झरा लांबच्याला पाजतो आणि जवळच्याला विसरतो. आपल्याकडे याच अर्थाने दिव्याखालचा अंधार दाखवतात. तो नैसर्गिक झरा आता आटला, म्हण मात्र वाहती आहे.

आपला अक्षरतक्ता थोडासा अधारीसारखा झाला आहे. उ उखळाचा, ए एडक्याचा, ऐ ऐरणीचा, औ औताचा. सगळं पाणी लांबच्या शेतात चाललंय आणि झिंजमधल्या फ्लॅटचं स्वयंपाकघर कोरडं.

पण ज्यांनी हे शब्द पहिल्यांदा निवडले, त्यांना नावं ठेवू नका. त्यांच्या मुलांच्या घरात उखळ होतंच. लोहाराची ऐरण गावात दिसत होती, औत दारावरून रोज जात होतं. त्यांनी मुलाच्या पायाखालचेच शब्द उचलले. आपण त्यांची चित्रं जपून ठेवली आणि त्यांची रीत सोडून दिली. खरं तर उलट करायला हवं.

ही रीत मराठी बालशिक्षणात फार नेटाने चालवली गेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केलं, पुढे १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडी साधनं नव्हतीच. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, जे मुलांच्या हाताशी होतं तेच शिकण्याचं साहित्य झालं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच त्यांच्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज देशभर चालतो, त्याचं मूळ तिथलं. आपल्याला झिंजमध्ये अंगण नाही. बाल्कनी आहे, लिफ्ट आहे, गाडीची मागची सीट आहे. आपली अंगणवाडी तिथेच भरवायची.

चला तर, घरात फिरू आणि ‘झ’ शोधू. डब्याचं झाकण. कोपऱ्यातला झाडू. बागेतला झोका. खिडकीतून दिसणारं खजुरीचं झाड. रात्री डोळ्यांवर येणारी झोप. उन्हाळ्यात मोरीतून निघून सगळ्या घराला नाचवणारं झुरळ, हा शब्द तर मूल एका दिवसात शिकतं आणि जन्मभर विसरत नाही. दिवाळीत झारा आणि झेंडू. आणि सुट्टीच्या दिवशी अधारीला गेलात तर झरा.

पहिला शब्द निवडताना मी एकच कसोटी लावते. त्या शब्दाने मुलाला काही काम सांगता येतं का? ‘झाकण आण’, ‘झोका दे’, ‘झोप आली का?’ असा शब्द दिवसातून पाच वेळा तोंडात येतो आणि पाचही वेळा त्यातून काहीतरी घडतं. ‘झबलं’ तक्त्यासमोर एकदा येतं आणि तक्ता गुंडाळला की संपतं.

‘झ’ लिहायची घाई मात्र नको. त्याची वळणं इवल्या बोटांना जड जातात. शाळेतसुद्धा ‘ग म भ न’पासून सुरुवात करतात, ती वळणाने सोपी अक्षरं म्हणूनच. तीन-चार वर्षांच्या मुलाने ‘झ’ ऐकावा, बोलावा आणि दिसल्यावर ओळखावा. फार तर ताटलीत रवा पसरून बोट फिरवावं. किनाऱ्यावर गेलात तर वाळू आहेच.

आता वादाचा मुद्दा. आमच्या शुक्रवारच्या वर्गात एका आजोबांनी विचारलं, ‘झ झेब्र्याचा चालेल का?’ आणि अर्धा तास आईबाबांचीच सभा भरली. माझं मत सांगते. अक्षर ओळखायला झेब्रा चालेल, झिप चालेल, पिझ्झ्यातला ‘झ’ तर धावेल. बाहेरून आलेल्या शब्दांचं मराठीला वावडं नाही. २००९ मध्ये महाराष्ट्र शासनाने वर्णमालेत ‘ॲ’ आणि ‘ऑ’ यांना रीतसर जागा दिली, ती अशाच शब्दांसाठी. पण झेब्र्यापाशी थांबलात तर मुलाला मराठी अक्षराच्या कपड्यात इंग्रजी ‘झेड’च भेटेल. म्हणून आमच्या वर्गाचा नियम असा, की झेब्रा एकटा येणार नाही. त्याच्या शेजारी एक तरी शब्द हवा, जो मूल शाळेत ऐकणार नाही. झेब्रा आणि झोका. पिझ्झा आणि झुणका.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट आवाजाची. मराठीत ‘झ’ एक दिसतो, पण बोलतो दोन प्रकारे. ‘झाड’, ‘झोप’, ‘झरा’ म्हणून पाहा, जीभ दातांच्या मुळाशी जाते. ‘झेंडा’, ‘झेप’, ‘झिम्मा’ म्हणा, ती मागे टाळूकडे सरकते. साधारणपणे इ, ई, ए आले की टाळूचा ‘झ’, एरवी बहुतेक दाताचा. हिंदीत हा भेद नाही, तिथला ‘झ’ टाळूचाच. त्यामुळे शाळेत हिंदी शिकलेली आपली मुलं देवनागरी अगदी झरझर वाचतात, पण ‘झाड’ वाचताना ‘झेंड्या’चा आवाज काढतात आणि भारतातले मामेभाऊ हसतात. लिपीत या दोन आवाजांना वेगळी खूण नाही. पुस्तक ते शिकवू शकत नाही, ॲपलाही धड जमत नाही. ते कानानेच येतं, आणि कान तयार होतो घरातल्या तोंडामुळे.

‘झिंज’ तर आणखी निराळं. अरबी नावातला आवाज हकार नसलेला. हिंदीत त्यासाठी ‘ज’खाली नुक्ता देतात. आपण नुक्ता वापरत नाही, आणि ‘जिं’ लिहिलं तर वाचणारा ‘जिना’, ‘जिरं’ यांच्यासारखं वाचेल. म्हणून झेब्रा, पिझ्झा यांच्याप्रमाणे इथेही ‘झ’ कामाला आला. मुलांना सांगून बघा, ‘एकच अक्षर, आवाज तीन, झाड, झेंडा, झिंज.’ त्यांना ही गंमत मोठ्यांपेक्षा लवकर कळते.

मग झबल्याचं काय करायचं? काढून टाकायचं? मुळीच नाही. लांबचे शब्द फोनसाठी ठेवायचे. आपल्या घरातले आजी-नातवंडांचे व्हिडिओ कॉल आठवा. ‘कशी आहेस?’ ‘छान.’ ‘जेवलीस का?’ ‘हो.’ तिसरा प्रश्न येत नाही, फोन आईकडे जातो. प्रेम दोन्हीकडे ओसंडून असतं, बोलायला शब्द नसतात. तर तिसरा प्रश्न मुलाच्या हाती द्या, ‘आजी, झबलं म्हणजे काय गं?’ मग आजी कपाट उघडते, तुमच्या लहानपणचं झबलं काढते, ते कुणी शिवलं ते सांगते, आणि ‘दुपटं’, ‘कुंची’, ‘टोपडं’ असे चार शब्द फुकट येतात. जवळचे शब्द घर चालवतात, लांबचे शब्द घर जोडतात. म्हणून प्रत्येक अक्षराला तीन शब्द जवळचे, एक लांबचा, असं माप मी धरते.

हे सगळं आत्ताच का, असं वाटेल. आखातातलं आपलं बिऱ्हाड कायमचं नाही, हे आपण सगळे जाणून आहोत. कुणी परत जाईल, कुणी पुढे कॅनडाला. परत गेलात तर महाराष्ट्रात २०२०च्या कायद्यानुसार सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, तेव्हा धावपळ होणार. पुढे गेलात तर आजूबाजूला मराठी आणखी विरळ. दोन्ही वाटांवर मुलाच्या हाती काय असेल, ते याच तीन ते सात वर्षांच्या काळात ठरतं. व्हिसा बदलतो, घर बदलतं, ‘झोप आली’ म्हणायची भाषा एकदा बसली की बदलत नाही.

आणि दुसऱ्या पिढीतल्या तरुण वाचकांनो, तुम्ही या अंकात इंग्रजी पानंच वाचता हे मला ठाऊक आहे. तुम्हाला कुणी हे वाचून दाखवत असेल तर बरंच झालं. त्यांच्या तोंडचा ‘झ’ नीट ऐका.

यंदाचा गृहपाठ : चकलीचं तेल तापायच्या आधी मुलाच्या हातात झारा द्या. त्याची भोकं मोजू द्या, नाव तीनदा म्हणू द्या आणि मग कढईपासून लांब बसवा. तोरणातली झेंडूची फुलं त्याच्याकडून मोजून घ्या. आणि घरातले सगळे ‘झ’ लिहून वर्गात आणा. सर्वांत लांब यादीला एक डबा चकल्या, झाकणासकट.

पुढच्या दिवाळीत ‘ठ’. शोधायला आतापासूनच लागा. शुभ दीपावली!