माळ्यावरचा मिक्सर खाली काढा!

दिवाळीची साफसफाई निघाली, की माळ्यावरच्या एका खोक्याचा प्रश्न हमखास येतो. आत जुना मिक्सर नाहीतर फूड प्रोसेसर असतो. सासूबाईंचा, आईचा, नाहीतर आपल्याच लग्नात मामानं दिलेला. पांढरं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं, वायर गुंडाळून ठेवलेली, एका भांड्याचं झाकण गायब. "अडगळ नुसती, द्या भंगारात," असं कुणीतरी म्हणतं आणि भंगारवाला आतल्या तांब्यावर नजर ठेवून वजन करतो. माझं म्हणणं एवढंच, की द्यायच्या आधी तो एकदा पुसून जाणकार माणसाला दाखवा. 'जुनं ते सोनं' म्हणून नव्हे. साधा व्यवहार म्हणून.

आपला देशी मिक्सर जन्मला तो एका बाईच्या तक्रारीतून. 1963 साली मुंबईत माधुरी माथुर यांचा जर्मन ब्राऊन मिक्सर बंद पडला. परदेशी यंत्रं मऊ पदार्थ घुसळायला बनवलेली. आपल्या भिजवलेल्या डाळी, सुकं खोबरं त्यांना कुठून झेपणार? त्यांचे पती सत्यप्रकाश माथुर सीमेन्समध्ये इंजिनिअर होते. न बिघडणारा मिक्सर बनवून दाखवा, असं बाईंनी त्यांना सुनावलं आणि त्यातून 'सुमीत' उभा राहिला. आपल्या वाटणाचा ताण सोसेल अशी दणकट मोटर, हे त्याचं मर्म. म्हणून त्या पिढीतला एखादा मिक्सर घरात असेल, तर तो आपल्याच स्वयंपाकासाठी बनलेला आहे हे ध्यानात ठेवा.

फूड प्रोसेसरची जात वेगळी. तो मूळचा फ्रान्समधला. पिएर व्हर्दाँ यांनी हॉटेलांच्या मुदपाकखान्यासाठी यंत्र बनवलं आणि 1971च्या सुमारास 'मॅजिमिक्स' नावानं ते घरगुती रूपात आलं. अमेरिकेत कार्ल सोन्थायमर यांनी 1973 साली 'क्विझिनार्ट' आणलं. चिरणं, किसणं, मळणं ही त्याची कामं. आपल्याकडच्या कंपन्यांनी त्याला वाटणाची भांडीही जोडून दिली, तरी घरोघरी तो माळ्यावरच गेला. कारण सगळ्याजणींना ठाऊक आहे. दोन कांदे चिरायला पाच भाग जोडायचे आणि पाच भाग धुवायचे कुणी? त्यापेक्षा विळी बरी! पण गौरीच्या जेवणाला पुरणपोळीची कणीक मळायची असेल, दोन किलो गाजरं किसायची असतील, फराळाच्या ऑर्डरी घेतल्या असतील, तर हेच यंत्र मनगटं वाचवतं. रोजच्या कामाला तो जड आणि मोठ्या कामाला सोन्यासारखा, एवढं समजून वापरला की झालं.

आता आपल्या सातारा-सांगलीकडचं बोलू. वर्षाची चटणी आपण डंकावर कुटून आणतो हे खरं, पण शेंगदाण्याचा कूट, तीळ-खोबऱ्याचं वाटण, लसणीचा ठेचा हे रोजचं. आणि जी बाई बचत गटातून चटण्या करून विकते, तिचा मिक्सर बंद पडला की त्या दिवसाची कमाईच बंद. तिला हजारो रुपयांचा नवा घ्यायला लावण्याआधी जुना दुरुस्त होतो का, हे विचारायला नको का?

आणि दुरुस्ती आपल्याकडे होत नाही, असं कोण म्हणतं? किर्लोस्करवाडी 1910 साली आपल्याच मातीत वसली. नांगर तिथंच घडले आणि बायकांचं 'स्त्री' मासिकही 1930 साली तिथूनच निघालं. साताऱ्याजवळ सातारारोडला कूपरची इंजिनं बनली. शेतीपंपांच्या पट्ट्यात मोटर रिवाइंड करणारी दुकानं गावोगाव आहेत. जिथं पाच हॉर्सपॉवरची पाणबुडी मोटर भरून मिळते, तिथं मिक्सरची का मिळू नये? पण गंमत बघा. विहिरीवरची मोटर जळली, की घरातला पुरुष त्याच संध्याकाळी ती गाडीवर टाकून नेतो. मिक्सर जळला, की "बघू रविवारी". तो रविवार काही उजाडत नाही आणि बाई महिनाभर खलबत्त्यावर भागवते. मिक्सर माळ्यावर जातो तो असा. खरा बिघाड बऱ्याचदा किरकोळ असतो. कार्बन झिजलेले असतात, खालचं कपलर तुटलेलं असतं, नाहीतर भांड्याचा बुश गेलेला असतो. बऱ्याच मिक्सरच्या तळाशी ओव्हरलोडचं छोटं बटण असतं. ताण आला की ते सुटतं. मिक्सर थंड झाल्यावर ते दाबलं की गाडी पुन्हा सुरू!

जुना विकत घेत असाल तर रंगरूपावर जाऊ नका. आधी प्लग काढलेला असतानाच कपलर हातानं फिरवा. अडखळता कामा नये. भांड्याचं पातं हलवून बघा. डुगडुगत असेल किंवा खालून काळं पाणी गळत असेल तर बुशाचा खर्च किमतीतून वजा करा. मग रिकामा थोडा वेळ चालवा. बारीक ठिणगी दिसली तर घाबरू नका, पण मोठा जाळ किंवा जळका वास आला तर नमस्कार करून निघा. वायर कडक झाली असेल, चिरली असेल तर ती बदलल्याशिवाय वापरायचीच नाही. मुलानं अमेरिकेतून आणलेला असेल तर पाटी वाचा. तिकडची वीज 120 व्होल्टची, आपली 230ची. ट्रान्सफॉर्मरशिवाय लावला तर गेलाच म्हणून समजा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, त्याचं कपलर आणि भांडं बाजारात मिळतं का, हे पैसे देण्याआधी विचारा.

सांगलीकरांना एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. 2005, 2019 आणि 2021च्या महापुरांत कृष्णेचं पाणी घराघरांत शिरलं. पुरातून निघालेला मिक्सर वरून कोरडा दिसला तरी मोटरीत गाळ बसलेला असतो. "चालतो का बघू" म्हणून प्लग लावू नका. उघडून, साफ करून, पूर्ण वाळवून आणि मेगर लावून तपासल्याशिवाय तो घरात वापरू नये. पूरग्रस्त भागातून स्वस्तात आलेला जुना माल घेतानाही हे विचाराच.

प्रत्येक जुनं यंत्र जपावं, असं मी म्हणत नाही. हाताला झिणझिण्या येत असतील, इन्शुलेशन गेलं असेल, आर्मेचरचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल, तर त्याला खुशाल निरोप द्यावा. आवाजानं म्हाताऱ्या माणसांची झोप उडत असेल, तेही कारण पुरेसं आहे. बाईच्या जिवापेक्षा नि स्वास्थ्यापेक्षा मिक्सर मोठा नाही. पण पाच रुपयांच्या सुट्या भागासारख्या क्षुल्लक कारणानं आख्खं यंत्र फेकायची सवय मात्र आपल्याला लावली गेली आहे. भागच मिळेनासे केले, की गिऱ्हाईक नव्याच्या दुकानात येणारच.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानं 2022 साली 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात त्यासाठी संकेतस्थळही सुरू केलं. चांगलं झालं. पण हक्क काउंटरवर मागावा लागतो. नवा मिक्सर घेताना आपण वॅट विचारतो, भांडी मोजतो, फुकट मिळणारी किसणी बघतो. पुढच्या वेळी मारुती रोडवर असा की पोवई नाक्यावर, दुकानदाराला आणखी एक विचारा: "दादा, याचं भांडं आणि कपलर दहा वर्षांनी मिळेल का?" चार बायकांनी विचारलं तर तो हसेल. चाळीस जणींनी विचारलं, तर तो कंपनीला विचारेल.