चुलीवरचं जेवण आणि धुराचा हिशेब

पुण्या-मुंबईच्या माणसाला हल्ली दोन आकडे रोज मोबाइलवर बघायची सवय लागली आहे. एक ट्रॅफिकचा, दुसरा हवेचा. हवेचा आकडा दोनशेच्या वर गेला की ऑफिसच्या ग्रुपवर 'चला मालवणला' सुरू होतं. समुद्र, माडाची झाडं, शुद्ध हवा वगैरे वगैरे. आणि बुकिंगच्या फोनवर पहिला प्रश्न काय? "चुलीवरचं जेवण मिळेल ना?"

गंमत बघा (खरं तर गंमत नाहीच), ज्या हवेपासून आपण पळून आलो त्याहून वाईट हवा आपल्या ताटापासून पंधरा फुटांवर असू शकते. फरक इतकाच की तिथे आपण नसतो, आपल्यासाठी घावणे काढणारी काकी असते.

लाकूड, सोडणं, चुडतं चुलीत पूर्ण जळत नाहीत. त्यातून निघणारे बारीक कण केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्शाएवढे, म्हणून थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि काही रक्तातही उतरतात. त्यातून दमछाक, हृदयविकार, पक्षाघात, मोतीबिंदू, लहान मुलांचा न्यूमोनिया. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते धूर कोंडणाऱ्या घरात या कणांचं प्रमाण सुरक्षित पातळीच्या शंभरपटही असू शकतं. घरातल्या अशा धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले, असा त्यांचाच अंदाज आहे.

पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलं होतं की सीओपीडी हा फक्त सिगरेट ओढणाऱ्यांचा आजार नाही, जगाचा विचार केला तर चुलीचा धूर हे त्याचं सगळ्यात मोठं कारण असू शकतं. म्हणजे जन्मात विडीला हात न लावलेल्या बाईलाही तो होतो.

कर्क स्मिथ नावाचे संशोधक होते (२०२० मध्ये गेले). १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी गुजरातच्या खेड्यांत चुलीपुढच्या बायका नेमका किती धूर घेतात ते मोजलं. त्यांचा एक ढोबळ नियम फार कामाचा आहे: घरात सोडलेला धूर बाहेर सोडलेल्या धुरापेक्षा माणसाच्या फुप्फुसात पोचण्याची शक्यता हजारपट. थोडक्यात काय, प्रदूषण धुराड्यापाशी नाही, नाकापाशी मोजायचं.

"आमच्या आजीनं जन्मभर चूल फुंकली, नव्वद वर्षं जगली!" हे ऐकलंय ना? जी जगली तीच आजी आपल्याला भेटते हो. फक्त यशस्वी रिक्वेस्टचे लॉग बघून सर्व्हर मस्त चाललाय म्हणण्यासारखं आहे हे.

आता चवीचं. बांगडा निखाऱ्यावर भाजला तर धुराचा वास लागतो, मान्य. पण तिखल्याची चव तिरफळाची, ताज्या वाटपाची आणि सकाळी उतरलेल्या मासळीची असते. गॅसवर ती कुठे जात नाही.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, सिलिंडर खेडोपाडी पोचले. पण तो परत भरायला पैसे लागतात आणि सोडणं स्वतःच्या माडाची, फुकट. त्यामुळे आंघोळीच्या पाण्याची चूल पेटतीच राहते. त्यात पाहुण्यांना 'चुलीवरचं' हवं म्हटल्यावर स्वयंपाकघरातली विझलेली चूलही परत पेटते. म्हणजे तिच्या छातीत जाणाऱ्या धुराला आपण पैसे मोजतोय. तिला मिळकत हवी आहे, ती नाही म्हणणार नाही. म्हणून हे बोलायचं तर आपणच.

चूल बंदच करा असं माझं म्हणणं नाही. ती उघड्या पडवीत असावी, वर धुराडं असावं, लाकडं सुकी असावीत आणि पेटवायला प्लास्टिकची पिशवी तर अजिबात नको.

आणि हो, रात्री खोली बंद करून मच्छर अगरबत्ती लावता ना? २००३ च्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगरेटींइतके बारीक कण निघतात असं आढळलं होतं. मच्छरदाणी मागा.

असो. पुढच्या वेळी बुकिंग करताना एक वाक्य जास्त बोला: "काकी, गॅसवर केलंत तरी चालेल." पैसे तेवढेच द्या. रिव्ह्यूमध्येही चुलीचं नाही, तिच्या हाताचं कौतुक लिहा.