शिरपुरातील फुटबॉलची मैदाने व स्थानिक मंडळे यांना कायम संरक्षण मिळणेबाबत निवेदन

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, धुळे

विषय : शिरपूर शहर व परिसरातील खेळाच्या मैदानांची नोंद, आरक्षण व संपादन वेळेत पूर्ण करणेबाबत.

महोदय,

शिरपूर-वरवाडे नगरपरिषदेच्या हद्दीत व तिच्या लगत शेतजमिनी बिनशेती होऊन त्यांवर प्लॉट पडत असताना, ज्या मोकळ्या जागांवर मुले व तरुण फुटबॉल खेळतात त्या जागांचे कायदेशीर स्थान निश्चित करावे आणि त्या विकासकांच्या हाती जाण्यापूर्वीच सुरक्षित कराव्यात, या मागणीसाठी हे निवेदन सादर करण्यात येत आहे. विकासक म्हणजे जमीन घेऊन तिच्यावर भूखंड पाडणारा किंवा इमारती उभारून विकणारा व्यावसायिक. त्याच्या व्यवसायाला अथवा घरांच्या गरजेला निवेदनकर्त्यांचा विरोध नाही. मैदान म्हणजे शहरातील सर्वांत सहज हाती लागणारी रिकामी जमीन, या हिशेबाला मात्र ठाम विरोध आहे.

या जागांवर खेळणाऱ्या मंडळांचे स्वरूप एका तुलनेतून स्पष्ट होते : इंग्लंडमध्ये वरच्या चार श्रेणींतील ९२ व्यावसायिक संघांच्या खाली खेळणाऱ्या क्लबांना ‘नॉन-लीग’ क्लब म्हणतात. महाराष्ट्रात इंडियन सुपर लीग व आय-लीग यांच्या बाहेर, पेठेच्या, गल्लीच्या किंवा तालमीच्या आधारावर आणि वर्गणीवर चालणारी मंडळे त्याच प्रकारची आहेत. कोल्हापुरात पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल यांसारख्या तालमींच्या संघांची परंपरा पिढ्यान्‌पिढ्या टिकली, त्यामागे पेठांची ईर्षा जितकी आहे तितकेच राजर्षी शाहू स्टेडियम हे हक्काचे मैदानही आहे. खानदेशातील छोट्या मंडळाजवळ ईर्षा असली तरी, ते ज्या जागेवर खेळते तिच्या सातबारा उताऱ्यावर त्याचे नाव नसते, भाडेपट्टा नसतो, आणि जमिनीचा व्यवहार ठरला की त्याच्या म्हणण्याला कायद्याच्या दृष्टीने आधार उरत नाही.

मैदान गेले तरी कॉलन्यांत ओपन स्पेस आहेच, असे उत्तर अशा वेळी दिले जाते, म्हणून तो हिशेब मांडणे आवश्यक आहे. ओपन स्पेस म्हणजे अभिन्यासात, अर्थात प्लॉट पाडण्याच्या मंजूर नकाशात, रहिवाशांसाठी सोडायची मोकळी जागा. डिसेंबर २०२० पासून राज्यात लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर व त्याहून मोठ्या अभिन्यासात तिचे प्रमाण १० टक्के आहे. मोठ्या सामन्यांसाठी रूढ असलेले १०५ बाय ६८ मीटरचे फुटबॉल मैदान ७,१४० चौरस मीटर भरते, म्हणजे एका अभिन्यासाच्या ओपन स्पेसमध्ये ते बसवायचे तर तो अभिन्यास साडेसतरा एकरांहून मोठा हवा आणि त्यातील सगळी ओपन स्पेस एकाच सलग, आयताकृती तुकड्यात हवी. खेळाच्या नियमांनी मान्य केलेले लहानात लहान, ९० बाय ४५ मीटरचे मैदान धरले तरी ते सुमारे एक एकर होते आणि त्यासाठी दहा एकरांचा अभिन्यास लागतो. रेषेबाहेरची मोकळी पट्टी या दोन्ही हिशेबांत धरलेली नाही. दोन-चार एकरांच्या अभिन्यासांतून उरणाऱ्या तुकड्यांवर बाके आणि घसरगुंड्या बसतील, अकरा विरुद्ध अकरांचा सामना तेथे होणार नाही.

शाळांची मैदाने हाही पुरेसा पर्याय नाही. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ ने शाळेला क्रीडांगण आवश्यक केले असले तरी ते शाळेच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. शाळा सोडून दुकानात, कारखान्यात किंवा शेतात कामाला लागलेल्या तरुणाला, तसेच महाविद्यालयीन शिक्षणासाठी सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतून शहरात खोली घेऊन राहणाऱ्या आदिवासी मुलाला तेथे हक्काने जाता येत नाही. खानदेशच्या उन्हाळ्यात खेळ पहाटे किंवा सूर्य कलल्यावरच शक्य असल्याने मैदान घराजवळ आणि उजेडाचे असावे लागते, आणि ही अट सर्वांत आधी मुलींच्या खेळण्यावर परिणाम करते.

मैदानांचे आरक्षण विकास योजनेत होते. विकास योजना म्हणजे शहरातील कोणती जमीन कोणत्या उपयोगासाठी राखायची हे ठरवणारा कायदेशीर आराखडा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ नुसार, योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची कायदेशीर कार्यवाही सुरू न झाल्यास आरक्षण संपुष्टात येते. अशा रीतीने कोणी उघड निर्णय न घेताही, निव्वळ मुदत टळल्यामुळे मैदान जाऊ शकते, आणि निवेदनकर्त्यांना सर्वाधिक भीती याचीच वाटते. दुसरी वाट कलम ३७ ची आहे, ज्याखाली योजनेत किरकोळ फेरबदल करता येतो; मुलांचे एकमेव मैदान वगळणे हा त्या मुलांच्या दृष्टीने किरकोळ फेरबदल नव्हे. उद्यानासाठी राखलेली बंगळुरूतील जागा खाजगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये बेंगलोर मेडिकल ट्रस्ट विरुद्ध मुद्दप्पा या प्रकरणात बेकायदा ठरवला होता, हे येथे नमूद करणे योग्य ठरेल.

गेलेले मैदान परत मिळवणे किती कठीण असते, हे लंडनमधील विम्बल्डन संघाच्या इतिहासावरून दिसते : १९९१ मध्ये त्याने प्लाउ लेन हे आपले मैदान सोडले, २००३ मध्ये क्लब दुसऱ्या शहरात हलवला गेला, आणि समर्थकांनी २००२ मध्ये नव्याने उभारलेला संघ प्लाउ लेनवर परतला तो २०२० मध्ये. लंडनमधीलच डलिच हॅम्लेट या नॉन-लीग क्लबला मैदानाच्या मालक विकासकाशी झालेल्या वादात २०१८ मध्ये बाहेर पडावे लागले, परंतु स्थानिक लोक व लोकप्रतिनिधी पाठीशी उभे राहिल्याने तो त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये परतला.

टंचाई आल्यावर टँकर मागवण्यापेक्षा पावसाचे पाणी नाल्यातच अडवावे, हे जलसंधारणाच्या शिरपूर पॅटर्नने राज्याला दाखवून दिले. मैदानांबाबतही याच तालुक्याने तशी वेळेआधीची तजवीज करावी, अशी निवेदनकर्त्यांची अपेक्षा आहे.

त्यासाठी नगरपरिषद व नगररचना कार्यालयाने तीन महिन्यांत सर्व मैदानांची यादी सर्व्हे क्रमांक, मालकी, आरक्षणाची तारीख व सध्याचा वापर यांसह तयार करून जाहीर करावी, आणि ज्या आरक्षणांची दहा वर्षांची मुदत जवळ आली आहे त्यांचे संपादन प्राधान्याने हाती घ्यावे. निधी कमी पडल्यास मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे जमिनीच्या मोबदल्यात अन्यत्र वापरता येणारे बांधकाम क्षेत्र, देण्याचा मार्ग अवलंबावा. तेवढ्याच क्षेत्राचे, सायकलीच्या अंतरावरचे पर्यायी मैदान प्रत्यक्ष खेळण्यायोग्य झाल्याशिवाय कोणतेही आरक्षण वगळण्याचा प्रस्ताव शासनाकडे पाठवू नये. नगरपरिषदेच्या मालकीचे मैदान खाजगी उपयोगासाठी देण्याचा ठराव झाल्यास, महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ३०८ खालील अधिकार वापरून त्याची अंमलबजावणी स्थगित करावी. सार्वजनिक न्यासाच्या मालकीचे मैदान विकण्यास १९५० च्या न्यास अधिनियमातील कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते; तेथे प्रशासनाने खेळाडूंची बाजू मांडावी.

मैदान मंडळांच्या मालकीचे करून द्यावे, अशी मागणी नाही. मुंबई महापालिकेने जानेवारी २०१६ मध्ये मैदाने खाजगी संस्थांना दत्तक देण्याचे धोरण मंजूर केले, तेव्हा लोकक्षोभामुळे राज्य सरकारला ते थांबवावे लागले, हा अनुभव समोर आहे. जमीन सार्वजनिकच राहावी, नोंदणीकृत मंडळांना सरावाच्या वेळा लेखी नेमून द्याव्यात, त्यांत मुलींसाठी रोजची स्वतंत्र वेळ असावी, एवढीच मागणी आहे; मंडळांनी आपले वार्षिक हिशेब नगरपरिषदेला सादर करावेत, ही जबाबदारी निवेदनकर्ते स्वतःहून स्वीकारत आहेत.

वरील मागण्यांवर नगरपरिषद, नगररचना कार्यालय, जिल्हा क्रीडा अधिकारी व खेळाडू यांची संयुक्त बैठक आपल्या अध्यक्षतेखाली शिरपूर येथे एक महिन्याच्या आत घ्यावी व घेतलेला निर्णय लेखी कळवावा, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
शिरपूर शहर व तालुक्यातील फुटबॉल खेळाडू, पालक व क्रीडाशिक्षक

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : मुख्याधिकारी, शिरपूर-वरवाडे नगरपरिषद, नगररचना कार्यालय, धुळे, जिल्हा क्रीडा अधिकारी, धुळे.