उसनी चाल, झाकलेले नाव

गौरी-गणपतीचे दिवस जवळ आले, मुंबईची चाकरमानी मंडळी महाड आणि पोलादपूरच्या एस.टी. स्थानकांवर बोचकी-पिशव्यांसह उतरू लागली आणि वाडीवाडीतून जाखडीच्या, म्हणजेच बाल्या नाचाच्या, तालमींचे मृदंग घुमू लागले, की त्यांच्या मागोमाग एक तक्रारही दरसाल न चुकता दाखल होते. बाल्या नाच बिघडला, जुन्या चाली लोपल्या, शक्ती आणि तुरा या दोन प्रतिपक्षांच्या सवाल-जवाबांना सिनेमाच्या आणि डिस्कोच्या ठेक्यांनी ग्रासले, असा तिचा मजकूर असतो. तक्रार करणाऱ्यांची कळकळ खोटी नाही. त्यांनी आरोपी मात्र भलताच धरला आहे. परक्या चालीने एखाद्या जिवंत गानपरंपरेचा घात झाल्याचा दाखला माझ्या पाहण्यात नाही. घात होतो तो गाणे कोणी रचले, कोणी गायिले आणि चाल कोठून आली हे झाकून ठेवल्याने. आणि हे पटवून देण्यास, ज्या डिस्कोच्या नावाने आपण बोटे मोडतो त्याच डिस्कोच्या एका जगप्रसिद्ध ध्वनिमुद्रिकेइतका सोयीचा साक्षीदार दुसरा मिळणार नाही.

ही मुद्रिका म्हणजे ‘बोनी एम’ या मेळ्याची १९७८ साली पश्चिम जर्मनीतून निघालेली ‘नाइटफ्लाइट टू व्हीनस’. सह्याद्रीच्या कुशीतील आमच्या या मुलखात असले संगीत आले ते मुख्यतः दोन वाटांनी : एक, मुंबईच्या चाळीत राहून दोन पैसे गाठीस बांधणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीतून, आणि दुसरी, कुवेत-सौदीकडे नोकरीस गेलेल्या कोकणी मुसलमान कुटुंबांतील कर्त्या पुरुषांनी रजेवर येताना आणलेल्या जपानी टेपरेकॉर्डरांबरोबर. ओटीवर ते यंत्र ठेवलेले, त्यावर क्रोशाच्या विणकामाचे झाकण, आणि कॅसेटची फीत गुंतली की पेन्सिल घालून ती हलक्या हाताने गुंडाळणारा घरातला एखादा धाकटा मुलगा, हे दृश्य त्या काळी कित्येक घरांतून दिसे. त्या फितीवर काय गायिले आहे हे ऐकणाऱ्यांपैकी क्वचितच कोणास उमजत असेल. पण ठेका उमजण्यास इंग्रजी यावी लागत नाही.

आता या मुद्रिकेचे पोट उघडून पाहावे. तीत दहा गाणी आहेत आणि त्यांतील निम्मी-शिम्मी उसनवारीची आहेत. ‘किंग ऑफ द रोड’ हे अमेरिकेच्या रॉजर मिलरचे, ‘हार्ट ऑफ गोल्ड’ हे नील यंगचे, ‘पेंटर मॅन’ एका जुन्या इंग्रजी मेळ्याचे. ‘ब्राउन गर्ल इन द रिंग’ हे तर जमैकातील मुलींच्या फेराच्या खेळातले पारंपरिक गाणे, आपल्याकडील भोंडल्याच्या जातकुळीतले. जे ‘रासपुतिन’ नवीन म्हणून गाजले, त्याची चाल ऐकताना तुर्कस्तानातील ‘कातिबीम’ या जुन्या लोकगीताची आठवण जाणकारांस झाल्यावाचून राहत नाही; ते गाणे उस्कुदारला निघालेल्या एका कातिबाविषयी, म्हणजे कारकुनाविषयी आहे, आणि मोडी दप्तरांच्या या देशात एका कारकुनाच्या चालीवर वराती नाचाव्यात यात मला तरी काही विपरीत वाटत नाही.

उसनवारी येथवर निर्दोषच आहे. दोष पुढे आहे. हा सारा मेळा उभा केला तो फ्रँक फारियन नावाच्या, मुळात स्वयंपाक्याचे काम शिकलेल्या एका जर्मन निर्मात्याने. पहिली तबकडी त्याने स्वतःच्याच आवाजात भरली, ती चालू लागल्यावर दूरचित्रवाणीवर दाखवण्याजोगी माणसे जमवली, आणि वेस्ट इंडीजकडील चार कलावंत ‘बोनी एम’ म्हणून जगापुढे उभे केले. त्यांपैकी लिझ मिचेल आणि मार्शिया बॅरेट खरोखरच गात. मेझी विल्यम्स ध्वनिमुद्रणात गात नसे. आणि ज्याच्या अंगविक्षेपांवर लक्षावधी लोक लुब्ध झाले तो बॉबी फॅरेल ज्या धीरगंभीर पुरुषी आवाजावर ओठ हलवीत असे, तो आवाज पडद्यामागे बसलेल्या फारियनचा होता. हे गुपित पुढे उघड झाले. परंतु त्या गृहस्थाची खोड गेली नाही. ‘मिली व्हॅनिली’ या दुसऱ्या जोडीकडून त्याने हाच प्रकार करविला, तिला १९९० साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले, आणि गाणारे निराळेच आहेत असे सिद्ध होताच त्याच वर्षी ते परत घेण्यात आले.

आमच्या जाखडीतही गाणारा आणि नाचणारा निरनिराळेच असतात. बुवा आणि त्याचे साथीदार मृदंग-झांजा घेऊन मधोमध बसतात आणि पायांत चाळ बांधलेले गडी त्यांच्याभोवती फेर धरतात. पण येथे कोणी कोणास फसवीत नाही, कारण गाणारा रिंगणाच्या मध्यबिंदूवर, दिव्याच्या उजेडात, चारचौघांच्या देखत बसलेला असतो. इतकेच नव्हे, तर गाण्याच्या शेवटच्या कडव्यात कवी आपले नाव, आपल्या गुरूचे नाव आणि आपले घराणे गुंफतो, आणि ते नाव वगळून दुसऱ्याची रचना आपली म्हणून गाणाऱ्याची प्रतिपक्षाचा बुवा पुढच्याच बारीत अशी काही हजेरी घेतो, की पुन्हा तसे करण्याची त्याची छाती होत नाही. जर्मनीतील त्या निर्मात्यास जी नीती साधली नाही, ती आमच्या डोंगरातील अर्धशिक्षित शाहिरांनी पिढ्यानुपिढ्या पाळली आहे. आणि तरीही बिघडले म्हणून बोल लावायचा तो त्यांनाच!

या मुद्रिकेतील सर्वांत गाजलेले गाणे ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ हे तर मुळात डिस्कोचे नव्हेच. जमैकातील ‘मेलोडियन्स’ या मंडळींपैकी ब्रेंट डाऊ आणि ट्रेव्हर मॅकनॉटन यांनी ते १९७० साली बांधले, आणि त्याचा मुख्य आशय बायबलातील १३७ व्या स्तोत्राचा आहे. यरुशलेमचा पाडाव झाल्यावर बंदिवान करून बाबेलला नेलेले यहुदी परमुलखातील नदीच्या काठी बसून मातृभूमीच्या आठवणीने रडत आहेत, आणि त्यांना धरून आणणारेच त्यांच्याकडे तुमच्या देशातले एखादे गाणे म्हणून दाखवा अशी फर्माईश करीत आहेत, असा तो प्रसंग. ज्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले, त्या जमैकावासीयांना, विशेषतः तेथील रास्ताफारी पंथीयांना, या जुन्या विलापात आपलीच कैफियत आढळली. बाबेल हे त्यांच्या लेखी प्रत्येक जुलमी सत्तेचे नाव झाले. पुढे त्याच गाण्यावर युरोपातील नाचघरे थिरकली, इंग्लंडात ते पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, आणि नाचणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना आपण एका बंदिवासाच्या गाण्यावर नाचतो आहोत याची जाणीव असेल.

महाडच्या माणसाला तरी हा प्रसंग परका वाटू नये. चवदार तळे अस्पृश्यांसह सर्वांस खुले असल्याचा ठराव येथील नगरपालिकेने १९२४ साली केला होता. परंतु ठराव दप्तरात राहिला आणि पाणी वहिवाटीच्या ताब्यात. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी तळ्यावर चालत गेले आणि त्यांनी ते पाणी प्राशन केले. त्यानंतर लाठ्या खाव्या लागल्या, दिवाणी दावा लढवावा लागला, आणि हायकोर्टाचा निकाल हाती यावयास १९३७ साल उजाडले. या लढ्याच्या आगेमागे जी गाणी जन्मास आली, ती भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांची असोत की पुढे वामनदादा कर्डकांच्या पिढीची आणि त्यांच्या असंख्य अनाम अनुयायांची, त्यांपैकी कित्येकांनी तमाशाच्या, भजनाच्या आणि चित्रपटांच्या प्रचलित चाली निःसंकोच उचलल्या. निरोप नवा होता आणि तो आजच पोहोचवावयाचा होता. चाल लोकांच्या कानांवर आधीपासूनच असली म्हणजे अर्धे काम झालेले असे.

पण त्या गीतांच्या पातळ कागदाच्या पुस्तिका एकदा हातात घेऊन पाहा. प्रत्येक गीताच्या माथ्यावर, शीर्षकाखाली, ‘चाल :’ असे लिहून कोणत्या गाण्यावरून ती घेतली हे छापलेले असते, आणि मुखपृष्ठावर कवीचे नाव गावासकट असते. भजनांच्या पुस्तकांतही हीच रीत. त्या एका ओळीत कर्जाची कबुली आहे आणि गायकाची सोयही आहे. याच्या उलट, ‘हम किसीसे कम नहीं’ या १९७७ सालच्या चित्रपटातील एका गीताच्या मुखड्याची चाल आब्बा या स्वीडिश मेळ्याच्या ‘ममा मिया’वरून सरळ उचलली असताना पडद्यावर संगीतकार म्हणून नाव झळकले ते राहुलदेव बर्मन यांचेच. बर्मन यांच्या प्रतिभेविषयी मला नितांत आदर आहे, आणि ते गाणे मी आजही आवडीने ऐकतो. तथापि, चार आण्यांच्या पुस्तिकेला जे सौजन्य परवडले, ते लाखो रुपयांच्या चित्रपटाला का परवडू नये, हा प्रश्न उरतोच.

आणि आता आम्ही स्वतःच ती रीत सोडू लागलो आहोत, हे माझे खरे गाऱ्हाणे आहे. अलीकडे जाखडीच्या बाऱ्या यूट्यूबवर चढतात, खालूबाजाची वादने मोबाइलवरून फिरतात, आणि हे होते याचा मला आनंदच आहे. परंतु त्या चित्रफितींवर मंडळाचे नाव असते, देणगीदारांची यादी असते, ध्वनिक्षेपकवाल्याचा दूरध्वनी क्रमांक असतो, कधी एखाद्या भावी लोकप्रतिनिधीचा हसरा चेहराही असतो. नसते ते गीत रचणाऱ्याचे नाव. शेवटच्या कडव्यातील नाममुद्रा तर चित्रफीत आटोपशीर करण्याच्या नादात पहिली कापली जाते. दहा वर्षांनी हीच गाणी ‘पारंपरिक’ म्हणून कोणी तरी नव्या वाद्यमेळात भरील, आणि मूळ कवीच्या वारसांजवळ हक्क सांगावयास एक चिटोराही नसेल. १९५७ चा कॉपीराइट कायदा रचनाकाराला हक्क देतो, त्यासाठी नोंदणीची अटही नाही, आणि २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा अधिक भक्कम केला. परंतु रचना कोणाची हेच ठाऊक नसेल तर कायदा तरी कोणाच्या बाजूने उभा राहणार?

पोलादपुरात कवींद्र परमानंदांची समाधी आहे. त्यांचे ‘शिवभारत’ अपुरे राहिले, तरी ते त्यांचेच यात शंका नाही, कारण अध्यायाच्या समाप्तीस त्यांचे नाव आहे. त्याच गावातील आजच्या कवीला एवढेही मिळू नये, हे काही भूषणावह नाही.

तेव्हा महाड आणि पोलादपूर या दोन्ही तालुक्यांतील नाच मंडळांना माझी विनंती अशी : चाल बोनी एमची घ्या, हिंदी सिनेमाची घ्या, वाटल्यास थेट तुर्कस्तानातून आणा, पण चित्रफितीच्या आरंभी कवी, बुवा, मृदंगी आणि चाल ही चार नावे लिहा, आणि शेवटचे कडवे कापू नका. गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांनी आपापल्या परिसरातील शाहिरांच्या वह्या-पुस्तिका मागवून त्यांची एक नोंदवही ठेवावी. त्यासाठी ना सरकारी अनुदान लागते, ना मंत्रालयातील हुकूम. एक जाड वही आणि हे काम अंगावर घेणारा एक माणूस पुरे. या भाद्रपदापासूनच सुरुवात करता येईल.