कपावरचे निळूभाऊ

परवा ऑफिसात जेवणाच्या टेबलावर प्रश्न निघाला. टीममधल्या एकाच्या काकांची साठी आहे, काका निळू फुल्यांचे कट्टर भक्त आहेत, तर त्यांना भेट काय द्यावी? दोन मिनिटांत तीन जणांनी मोबाइल पुढे केले. तिघांच्याही स्क्रीनवर थोड्याफार फरकाने तीच वस्तू. पांढरा कप, त्यावर तिरकी टोपी, मिशी, बारीक केलेले डोळे, आणि खाली "बाई, वाड्यावर या". तोच मजकूर टी-शर्टवर हवा तर टी-शर्टवर, की-चेनवर हवा तर की-चेनवर.

मी म्हटलं, हे देऊ नका. का, म्हणून विचारलं तेव्हा टेबलावर नीट सांगता आलं नाही, कारण पावणेदोनची मीटिंग होती. आज शनिवार आहे, मीटिंग नाही. तर आता सविस्तर.

आधी एक साधी चाचणी. कप विकत घेणाऱ्याला विचारा, हे वाक्य कुठल्या चित्रपटातलं? बहुतेक जण "अहो ते नाही का..." म्हणून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. चित्रपट आठवत नाही, दिग्दर्शक आठवत नाही, समोर कोण बाई होती आणि पुढे तिचं काय झालं तेही आठवत नाही. आठवतो तो फक्त मिमिक्रीवाल्यांनी घासून घासून गुळगुळीत केलेला आवाज. म्हणजे आपण निळू फुल्यांची आठवण म्हणून जे देतोय ती खरं तर त्यांच्या नकलेची आठवण आहे. मूळ फाइल कुणी उघडलेलीच नाही, सगळे शॉर्टकटचा आयकॉन एकमेकांना फॉरवर्ड करतायत.

आता कोणी म्हणेल, गब्बरचं काय? "कितने आदमी थे" सगळीकडे छापतातच की. बरोबर. पण गब्बरच्या वाक्यामागे 'शोले' उभा आहे. १९७५ साली आलेला तो चित्रपट देशाला पाठ आहे आणि गब्बर शेवटी कसा संपतो तेही माहीत आहे. शिवाय ब्रिटानियाच्या ग्लुकोज बिस्किटांची जाहिरात खुद्द अमजद खानने गब्बरच्या वेषात केली होती. आपला चेहरा कशाला द्यायचा हे त्याचं त्याने ठरवलं. आणि खरं सांगायचं तर तोटा तिथेही झालाच. दोनच वर्षांनी सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'त त्याने जो वाजिद अली शाह केला, तो किती जणांना आठवतो?

चरित्र अभिनेत्याचं दुखणं नेमकं हेच आहे. स्टारचा चेहरा हाच माल असतो. देव आनंद कुठल्याही चित्रपटात देव आनंदच, म्हणून त्याचं पोस्टर ही चाहत्याला योग्य भेट. चरित्र अभिनेत्याचं काम उलटं. त्याने स्वतः बाजूला व्हायचं आणि समोर माणूस उभा करायचा. डॉ. श्रीराम लागूंनी आपल्या आत्मचरित्राला 'लमाण' असं नाव दिलं. लमाण म्हणजे इकडचा माल तिकडे पोचवणारा. नटाच्या कामाचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आणि आपण काय केलं? माल रस्त्यात टाकून दिला आणि लमाणाचं तोंड कपावर छापलं!

माल काय होता ते बघा. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला 'सामना'. लेखन विजय तेंडुलकर, दिग्दर्शन जब्बार पटेल, निर्मिती रामदास फुटाणे. निळूभाऊ त्यात हिंदुराव धोंडे पाटील. साखर कारखाना, गाव, माणसं सगळं मुठीत असलेला पुढारी. समोर लागूंचा मास्तर, दारूत बुडालेला, पण एक प्रश्न न सोडणारा. मारुती कांबळेचं काय झालं? या चित्रपटात निळूभाऊ क्वचितच आवाज चढवतात. हिंदुराव अगत्यशील आहे, पाहुणचार करतो, हसतो. त्या हसण्याखालची भीती बघणाऱ्याला हळूहळू कळत जाते. सहकारातून उभी राहिलेली नवी सत्ता आतून कशी असते, हे महाराष्ट्राला एका नटाच्या चेहऱ्यावर वाचता आलं.

आता कपाकडे परत बघा. ज्या माणसापासून चित्रपट आपल्याला सावध करत होता, त्याच माणसाच्या बाजूने कप बोलतोय. पाटलाच्या वाड्यावर बोलावणं येणं म्हणजे काय, हे गावातल्या ज्या बायकांना माहीत होतं त्यांना त्यात विनोद दिसला नसता. खेड्यांतल्या बायका निळूभाऊंना खरोखरचा नीच माणूस समजून शिव्या घालायच्या, असं सांगतात. त्या शिव्यांमध्ये कामाची पावती होती, कारण त्या बायकांना खलनायक खल आहे हे कळलं होतं. आमच्या एसी ऑफिसात तो कप हातात घेऊन एक सीनियर माणूस नव्या मुलीच्या टेबलापाशी कॉफी पीत उभा राहतो आणि सगळे हसतात. तिनेही हसायचं असतं, नाही हसली तर तिला विनोदबुद्धी नाही. कप 'फक्त गंमत' आहे असं म्हणणाऱ्यांनी एकदा त्या टेबलाच्या पलीकडे बसून बघावं.

गंमत अशी की (ही खरी गंमत), स्त्री आणि पुरुष यांच्यातल्या याच सत्तेवर मराठीत जे सगळ्यात निर्भीड नाटक झालं, त्यात मुख्य भूमिका निळू फुल्यांचीच होती. १९७२ चं 'सखाराम बाइंडर'. टाकलेल्या बायकांना घरात आणून स्वतःच्या नियमांनी ठेवणारा सखाराम. तेंडुलकरांचं नाटक, कमलाकर सारंगांचं दिग्दर्शन, चंपा लालन सारंग. नाटकावर सेन्सॉरची कात्री आली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि सारंगांनी त्या सगळ्या लढाईवर 'बाइंडरचे दिवस' नावाचं पुस्तक लिहिलं. म्हणजे या माणसाने ज्या विषयाला रंगभूमीवर भिडण्याची जोखीम घेतली, त्याच विषयाची तीन शब्दांची टवाळी त्याच्या नावावर खपवली जातेय.

'सिंहासन' (१९७९) घ्या. पत्रकार दिगू टिपणीस. ना मिशीला पीळ, ना दरारा. मंत्रालयातल्या खेळ्या बघणारा, सगळं कळत असून काहीच करू न शकणारा माणूस. 'जैत रे जैत' (१९७७) मधला भगत घ्या. महेश भट्टच्या 'सारांश' (१९८४) मधला गजानन चित्रे घ्या, शहरी राजकारणी, पाटीलकीचा मागमूस नाही. लोकनाट्यातून, 'कथा अकलेच्या कांद्याची'सारख्या वगातून आलेला, १९६८ साली 'एक गाव बारा भानगडी'त पडद्यावर आलेला, त्याआधी पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला हा माणूस. एवढ्या सगळ्याचं आपण झिप करून तीन शब्द केले. आणि ही झिप अशी आहे की ती परत उघडत नाही. जेपीईजी पुन्हा पुन्हा सेव्ह केली की प्रत्येक वेळी थोडी माहिती कायमची जाते, तसलाच प्रकार.

पैशाचाही मुद्दा आहे. अनिल कपूरने २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जाऊन आपला चेहरा, आवाज, अगदी 'झकास'सुद्धा परस्पर वापरण्यावर मनाई मिळवली. २०२४ मध्ये जॅकी श्रॉफने 'भिडू'सकट तेच केलं. उत्तम. पण त्याच न्यायालयाने २०२३ मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांच्या दाव्यात असंही म्हटलं की असे हक्क माणसाबरोबर संपतात, ते वारसाहक्काने मिळत नाहीत. निळू फुले १३ जुलै २००९ ला गेले. म्हणजे हयात स्टार वकील लावू शकतो, गेलेल्या चरित्र अभिनेत्याचं तोंड कुणीही छापावं! कायदा काय म्हणतो ते वकील बघून घेतील. आपण चाहते म्हणवतो, आपलं काय?

"निदान त्या निमित्ताने नव्या पिढीला नाव तरी कळतं." हा युक्तिवाद मला नेहमी ऐकवला जातो. नाव कळून काय उपयोग, जर त्या नावाखाली चुकीचा माणूस सेव्ह होत असेल? चुकीची नोंद असण्यापेक्षा रिकामी जागा परवडली. रिकाम्या जागी माणूस शोधायला तरी जातो.

असो. नुसतं 'हे नको, ते नको' म्हणणं सोपं असतं. काका साठीचे होतायत, काहीतरी द्यायचं तर आहेच. तर ही माझी यादी.

एक, दोन रात्री. पहिल्या रात्री 'सामना', दुसऱ्या रात्री 'सिंहासन', याच क्रमाने. आधी सत्ता असलेला माणूस, मग सत्ता बघून खचलेला माणूस. दोन्हीकडे लागूही आहेत, त्यामुळे जुगलबंदीचा बोनस. मात्र लिंक पाठवून मोकळं व्हायचं नाही. शेजारी बसायचं, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा. काकांना ज्या जागा आवडतात तिथे ते आपोआप बोलायला लागतील, आणि ते ऐकणं हाच भेटीचा अर्धा भाग.

दोन, पुस्तकं. 'बाइंडरचे दिवस' आणि 'लमाण' ही तर आहेतच. शिवाय अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या कादंबऱ्या. त्यांच्यावरूनच तो चित्रपट झाला. कागदावरचा दिगू आणि पडद्यावरचा दिगू शेजारी ठेवून बघितले की नटाने त्यात स्वतःचं काय घातलं ते दिसतं. नवीन प्रत मिळाली नाही तर अप्पा बळवंत चौकात किंवा रद्दीवाल्याकडे जुनी शोधा. शोधायला गेलेला रविवार हाही भेटीत धरा.

तीन, नाटकाची दोन तिकिटं. निळूभाऊंच्या नावाने आजच्या नटांचं काम बघा. ज्याचं नाव जाहिरातीत शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात येतं, पण ज्याच्यावाचून प्रयोग उभा राहत नाही, असा एखादा निवडा. प्रयोगानंतर आत जाऊन त्याला सांगा की काम आवडलं, आणि नेमकं कुठलं आवडलं तेही सांगा. निळूभाऊंना ते आता सांगता येत नाही.

चार, देणगी. हा माणूस राष्ट्र सेवा दलातला. डॉ. लागू, निळूभाऊ आणि इतर नामवंत कलाकारांनी अत्र्यांच्या 'लग्नाची बेडी'चे गावोगाव प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसे उभे केले होते. तळागाळात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना महिन्याचं मानधन मिळावं म्हणून तो निधी. ज्याने आपली लोकप्रियता अशा कामाला लावली, त्याच्या चाहत्याच्या साठीला एखाद्या कार्यकर्त्याला काकांच्या नावाने वर्षभर थोडे पैसे जावेत, यापेक्षा शोभेल असं काय आहे? कपाला लागतात तेवढ्याच पैशांपासून सुरुवात करता येते.

पाच, आणि ही सगळ्यात स्वस्त. कुणी 'वाड्यावर या' म्हणून नक्कल केली की हसायचं नाही. शांतपणे विचारायचं, "कुठल्या पिक्चरमधलं?" आणि समोरचा अडखळला की म्हणायचं, "'सामना' बघितलायस? ये शनिवारी, मिळून बघू."

आणि छापायचंच असेल कपावर काही, एवढी हौसच असेल, तर मास्तरचा प्रश्न छापा. मारुती कांबळेचं काय झालं? बघू या, तो कप हातात धरून कोण किती हसतंय ते.